भेटीचे पैसे कोण भरतो?

राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवरा परिसरात एखाद्या शेतकऱ्याची सहकारी संस्थेच्या अध्यक्षपदी निवड होते, तेव्हा हार पडतात, गुलाल उधळतो, पेढे वाटले जातात. त्याच दिवशी कायद्याच्या लेखी त्या माणसाची ओळख बदलते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ याच्या दुसऱ्या कलमात ‘लोकसेवक’ म्हणजे कोण याची यादी आहे. शेती, उद्योग, व्यापार किंवा बँकिंग करणारी जी नोंदणीकृत सहकारी संस्था सरकारकडून किंवा सरकारी महामंडळाकडून अर्थसाहाय्य घेते, तिचे अध्यक्ष, सचिव आणि इतर पदाधिकारी या यादीत आहेत. सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत शासनाचे भागभांडवल असण्याची महाराष्ट्रात जुनी प्रथा आहे. त्यामुळे तलाठी, पोलीस हवालदार आणि असा कारखान्याचा चेअरमन हे तिघे या कायद्यापुढे एकाच रांगेत उभे असतात.

याच कायद्याचे अकरावे कलम वाचले की दिवाळीत घरी येणाऱ्या खोक्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ज्याच्याशी आपला कामाचा संबंध आला होता, आहे किंवा येण्याची शक्यता आहे, त्याच्याकडून काही न देता किंवा अपुरी किंमत देऊन गैरलाभ घेणे हा या कलमाखाली गुन्हा आहे. त्या बदल्यात कोणते काम करून दिले, हे दाखवण्याची गरज नाही. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. राहुरी ज्यात येते त्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हे कलम जितक्या लोकांना लागू पडू शकते, तितके महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात क्वचितच पडत असेल, कारण सहकाराचा इतका दाट विणलेला पट्टा फार थोड्या ठिकाणी आहे.

विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लोणी येथे उभारलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्यापूर्वी या भागात बेलापूर कंपनीसारखे खाजगी कारखाने होते आणि शेतकरी तिथे केवळ ऊस घालणारा होता. सहकारात तो मालक झाला. राहुरीचा कारखाना तर देवळालीला लागूनच उभा राहिला आणि त्याच्याभोवती ‘राहुरी फॅक्टरी’ या नावाची वस्ती वाढली. शेतकरी मालक झाला, त्याबरोबर एक नवा प्रश्नही आला. मालक हजारो आणि त्यांच्या वतीने खरेदी करणारे मोजके. हजारोंच्या पैशाने जो खरेदी करतो त्याच्याकडे विकणारा भेट घेऊन येतो, तेव्हा ती भेट कोणाची असते?

कारखान्याची खरेदी बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून थोडे तपशिलात जायला हवे. ऊस सोडला तरी यादी लांबलचक असते. रस निवळण्यासाठी चुना आणि गंधक, बाष्पपात्रे धुण्यासाठी कॉस्टिक सोडा, मिलचे रोलर, बेअरिंग, पंप, वंगण, विजेच्या तारा, प्रयोगशाळेची रसायने आणि साखर भरायला पोती. ज्यूटच्या वेष्टनाबद्दल १९८७ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे आणि त्याखाली ठरावीक हिस्सा साखर ज्यूटच्या पोत्यातच भरावी लागते. ही खरेदी वर्षभर सारखी चालत नाही. हंगाम संपला, धुराडे थंड झाले की ऑफ सीझन सुरू होतो. मिल खोलली जाते, झिजलेले भाग बाजूला पडतात आणि ओव्हरहॉलिंगची मागणीपत्रके निघतात. उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत सप्लायरांची ये-जा असते. कोटेशने येतात, दरांचा तुलनात्मक तक्ता होतो, खरेदी समितीपुढे जातो, ऑर्डर सुटते. आणि त्या खरेदीची बिले निघत असतात, नव्या हंगामाच्या मोळीची तयारी चाललेली असते, नेमकी तेव्हाच दिवाळी येते.

सुक्यामेव्याच्या डब्यासाठी कोणी कमी दराचे कोटेशन डावलून जास्त दराचे घेत नाही, असे भेट घेणारा प्रामाणिकपणे सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. तक्त्यातला सर्वांत कमी दर सगळ्यांना दिसतो, तिथे भेटीचे काही चालत नाही. ती चालते तक्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे. अलीकडे म्हणजे मालाचे वर्णन लिहिताना. एखाद्या बेअरिंगचे किंवा पंपाचे माप असे लिहिता येते की ते एकाच कंपनीच्या मालाला बसावे. पलीकडे म्हणजे माल गेटवर आल्यावर. चुन्यात उपयोगी कॅल्शियम ऑक्साइड किती आहे, हे प्रयोगशाळेत तपासून मग ट्रक उतरवायचा की ‘नेहमीची पार्टी आहे’ म्हणून सही करायची? बिलांच्या गठ्ठ्यात कोणाचे बिल वर ठेवायचे? हंगामाच्या मध्येच माल कमी पडला तर नवी कोटेशने मागवायची की जुन्याच दराने रिपीट ऑर्डर द्यायची? या प्रत्येक ठिकाणी एका माणसाची मर्जी पुरते आणि त्या मर्जीची नोंद कुठल्याही कागदावर राहत नाही.

या डब्याचा हिशेब लावून पाहिला की मन थक्क होते. सप्लायर हा डबा स्वतःच्या नफ्यातून देतो असे आपण धरून चालतो. पण दिवाळीच्या भेटींचा खर्च त्याच्या वहीत दरवर्षीच असतो, म्हणजे तो धंद्याचा खर्च झाला. धंद्याचा खर्च मालाच्या दरात बसतो. दर कारखाना भरतो. महाराष्ट्रात २०१३ च्या ऊस दर कायद्याने साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा, किंवा केवळ साखर धरली तर ७५ टक्के, उसाच्या दरासाठी ठेवला आहे. कामगारांचे पगार, रसायने, सुटे भाग, पोती, दुरुस्ती असा प्रक्रियेचा खर्च उरलेल्या वाट्यातून भागवायचा. तो त्यात मावला नाही की तोटा होतो आणि सहकारी कारखान्याचा तोटा म्हणजे शेअर घेतलेल्या सभासदाचा तोटा. सप्लायरने दिलेली भेट असे नाव असलेली वस्तू अशी फिरून पाहिली तर ती ऊस घालणाऱ्याने दिलेली असते. त्याला विचारलेले नसते आणि त्याचे नावही चिठ्ठीवर नसते.

आपल्या प्रदेशात या व्यवहाराचा एक फार जुना आणि तपशीलवार नोंदलेला प्रसंग रायगडावरचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन १६७४ च्या उन्हाळ्यात मुंबईहून निघाला, तो शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हजर राहण्याबरोबरच व्यापाराचा तह करण्यासाठी. कंपनी विकणारी होती. तिला स्वराज्यात वखारी, जकातीची सवलत आणि राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई हवी होती. ऑक्झिंडनने महाराजांसाठी आणि युवराज संभाजीराजांसाठी नजराणे आणलेच होते, पण दरबारातल्या कोणत्या अधिकाऱ्याला काय द्यावे याचा सल्ला महाराजांचे अधिकारी निराजीपंत यांनी दुभाषा नारायण शेणवी याच्यामार्फत त्याला दिला. पुढे जूनमध्ये तह झाला. नजराणे स्वीकारूनही महाराजांनी इंग्रजांच्या सगळ्या मागण्या मान्य केल्या नाहीत. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांच्या मालाचा हक्क आणि कंपनीच्या नाण्यांचे चलन या दोन बाबी अडून राहिल्या. महाराजांचा व्यवहार किती सावध होता हे त्यातून दिसते. त्या काळी नजराणा हा दरबारी रिवाज होता, तो उघड्यावर दिला जाई आणि देणाऱ्याच्या खर्चात तो किमतीसह लिहिला जाई. आज तीनशे पन्नास वर्षांनी आपण तो वाचू शकतो, तो या लिहिण्यामुळेच.

त्यानंतर ९९ वर्षांनी, १७७३ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट करून कंपनीच्या नोकरांना हिंदुस्थानातल्या लोकांकडून भेटी घ्यायला मनाई केली. बंगालच्या नवाबांकडून क्लाइव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घेतलेल्या ‘भेटी’ तोवर सगळ्या इंग्लंडच्या डोळ्यांवर आल्या होत्या. देण्यात वाकबगार असलेल्या कंपनीला घेण्याचे नियम बाहेरून लावावे लागले.

नगर जिल्हा ज्या मध्य विभागात होता, त्याच्या कमिशनरचे प्रकरण १८८८ मध्ये गाजले. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, क्रॉफर्ड मार्केटला त्याचेच नाव होते. बदली आणि बढतीसाठी तो मामलेदारांकडून पैसे घेतो, असा आरोप झाला. चौकशी आयोगाने लाचखोरीचा आरोप सिद्ध मानला नाही, पण आपल्याच हुकमतीखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल त्याला दोषी धरले आणि त्याची नोकरी गेली. ज्यांनी पैसे दिल्याची कबुली दिली, त्या मामलेदारांना अभय द्यायचे की घरी बसवायचे यावरून मोठे वादळ उठले आणि टिळकांनी मामलेदारांची बाजू घेतली. या सगळ्या गदारोळात रयतेचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. मामलेदाराचा पगार ठरलेला होता. साहेबाला दिलेली रक्कम त्याने पुढे कोणाकडून भरून काढली असेल, हे शोधायला गावात जावे लागले असते.

क्रॉफर्डच्या मंडईला आज महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. हा बदल मला फार बोलका वाटतो, कारण फुले स्वतः कंत्राटदार होते. सरकारी बांधकामांची कामे त्यांनी घेतली होती आणि पुणे नगरपालिकेचे सदस्य म्हणूनही काही वर्षे काम केले होते. म्हणजे बिल मागणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची, दोन्ही बाजू त्यांनी आतून पाहिल्या. सरकारी खात्यांतली लबाडी शेवटी शेतकऱ्याच्या अंगावर येते, हे त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ देवळालीपासून थोड्याच अंतरावर, राहुरीला आहे.

रायगड किल्ला महाड तालुक्यात येतो. ऑक्झिंडनच्या तहानंतर ३३९ वर्षांनी त्याच तालुक्यात भेटीचा आणखी एक प्रसंग घडला. डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाडचे डॉक्टर. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध देऊन त्यांनी असंख्य जीव वाचवले, त्यांचे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१३ मध्ये त्यांनी एका रुग्णाला तपासणीसाठी पुण्याला पाठवले. काही दिवसांनी तपासणी केंद्राकडून त्यांच्या नावाने १२०० रुपयांचा धनादेश आला. तो त्यांनी परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार केली. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे हे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी आधीच निषिद्ध होते, आणि ‘कट’ हा शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक रुग्णाला माहीत होता. तरीही आलेला धनादेश हातात धरून ‘हे पैसे माझ्या रुग्णाच्या बिलातले आहेत’ असे म्हणणारा डॉक्टर विरळा. पुढे २०१७ मध्ये राज्य सरकारने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करवून घेतला.

पाच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने हाच हिशेब देशाच्या पातळीवर मांडला. चेन्नईच्या अपेक्स लॅबोरेटरीज या औषध कंपनीने डॉक्टरांना सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप वाटले होते आणि तो ४ कोटी ७२ लाखांहून अधिक खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मागितला होता. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने तो नाकारला. डॉक्टरांना २००९ च्या दुरुस्तीपासून अशा भेटी घ्यायला बंदी असेल, तर देणाऱ्यालाही त्या खर्चावर सवलत मिळणार नाही, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. या वस्तू फुकट नसतातच, त्यांचा खर्च औषधाच्या किमतीत मिसळलेला असतो आणि तो रुग्ण भरतो, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. ऊस उत्पादकाच्या बाबतीत जे घडते, तेच इथे घडते.

भेट घेणारा खोटे बोलत नाही, ही या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट. ती अभ्यासांनी दाखवून दिली आहे. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शिकाऊ डॉक्टरांना औषध कंपन्यांच्या भेटींबद्दल विचारले. ‘माझ्यावर परिणाम होत नाही’ असे ६१ टक्क्यांनी सांगितले. इतर डॉक्टरांवरही होत नाही, असे मानणारे फक्त १६ टक्के निघाले. त्याआधी १९९२ मध्ये क्लीव्हलँडच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना कंपन्यांनी सगळा खर्च करून परिषदांना नेले होते. जाण्यापूर्वी बहुतेकांनी आपल्या लिहिण्यात फरक पडणार नाही असे सांगितले. परतल्यावर त्या औषधांचा वापर वाढलेला आढळला. २०१६ च्या अमेरिकी अभ्यासात वीस डॉलरच्या आतले एकच जेवणसुद्धा त्या कंपनीचे औषध अधिक लिहिले जाण्याशी जोडलेले दिसले. मालमेंडियर आणि श्मिट या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळ जातो. त्यात निर्णय घेणारा दुसऱ्या कोणासाठी तरी निवड करतो. निवडीतल्या एका पक्षाने त्याला छोटीशी भेट दिली की तो त्या पक्षाकडे झुकतो, आणि ते ज्याच्यासाठी निवड करायची त्या तिसऱ्या माणसाचे नुकसान करून. भेट घेतल्यावर फेडावी वाटणे हे माणसाच्या स्वभावातच आहे. एरवी हाच स्वभाव समाज बांधून ठेवतो, लग्नातल्या आहेराची वही त्यावरच चालते. आहेर आपण आपल्या खिशातून फेडतो. खरेदी अधिकारी सप्लायरची भेट फेडतो ती दुसऱ्याच्या खिशातून, आणि ते त्याला जाणवतही नाही.

राहुरी परिसरात हा तिसरा माणूस आणखी एका ठिकाणी भेटतो, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपुढे. उसावर लोकरी मावा आला, कांद्यावर करपा आला की शेतकरी रोपटे हातात घेऊन दुकानात येतो आणि विचारतो, ‘भाऊ, काय मारू?’ त्या घडीला दुकानदार त्याचा डॉक्टर असतो. आणि अमुक पेट्या विकल्या तर परदेश सहल, तमुक विकल्या तर सोन्याचे नाणे, अशा कंपन्यांच्या स्कीमा त्याच काउंटरवर येत असतात. दुकानदार व्यापारी आहे, त्याला नफ्याचा हक्क आहे. कायदाही इथे फारसा बोलत नाही. पण स्कीमचा महिना संपत आला असताना दिलेला सल्ला आणि एरवीचा सल्ला यांत फरक पडत असेल, तर ज्या फवारणीची गरज नव्हती तिचा खर्च आणि तिचे विष दोन्ही शेतकऱ्याच्या वाट्याला येतात. या प्रश्नावर जितकी चर्चा व्हायला हवी, तितकी ती होत नाही याची मला खंत वाटते.

खाजगी कंपनीतल्या खरेदी अधिकाऱ्याबाबतही आपला कायदा तोकडा आहे. ब्रिटनमध्ये १९०६ पासून खाजगी नोकरानेही मालकाच्या कामात लाच घेणे गुन्हा आहे. आपल्याकडे खाजगी क्षेत्रातल्या लाचेसाठी असा स्वतंत्र कायदा अजून नाही, तिथे कंपनीची आचारसंहिता हाच आधार. सरकारी नोकरांसाठी मात्र नियम बराच बारकाईने लिहिलेला आहे. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार साधे जेवण किंवा वाटेत गाडीत बसवून नेणे ही भेट धरत नाहीत, पण ज्यांच्याशी कामाचा संबंध आहे त्यांच्याकडून थाटाचा किंवा वारंवारचा पाहुणचार टाळावा असे त्यात सांगितले आहे. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आहेत. देवळाली प्रवरासारख्या नगरपरिषदेच्या नगरसेवकाला १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातले सोळावे कलम लागू होते. परिषदेच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर काही लहान अपवाद सोडता तो अपात्र ठरतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला. त्यात एक खिडकी उघडी ठेवली आहे. जबरदस्तीने द्यावे लागले असेल आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले, तर देणारा वाचतो. लहान सप्लायरांनी ही तरतूद लक्षात ठेवावी अशी आहे, कारण सगळ्याच भेटी खुशीने दिलेल्या नसतात.

महाराष्ट्रातली माहितीच्या अधिकाराची चळवळ ज्या राळेगणसिद्धीतून पेटली, ते गाव याच जिल्ह्यातले. महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी आला. पण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये केरळच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवले की सरकारकडून भरीव निधी मिळत नसेल तर सहकारी संस्था या कायद्याखाली ‘सार्वजनिक प्राधिकरण’ होत नाही. त्यामुळे अनेक संस्थांतल्या सभासदाला खरेदीची माहिती अर्ज करून मिळेलच असे नाही. त्याच्या हातात वार्षिक सर्वसाधारण सभा उरते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ती घ्यावी लागते. ओव्हरहॉलिंगची खरेदी तोवर जवळपास आटोपलेली असते आणि दिवाळी यायची असते. पुरवठादारांकडून कोणतीही भेट, सहल वा पाहुणचार घेतला जाणार नाही, आलेली वस्तू रजिस्टरला लिहून पत्रासह परत जाईल, नाशवंत असेल तर गेटवरच्या आणि स्टोअरच्या कामगारांत वाटली जाईल, आणि ही अट प्रत्येक खरेदी ऑर्डरवर छापली जाईल, असा ठराव त्या सभेत मांडता येतो. त्याला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो.